पत्ता आपला, जागा दुसऱ्याची

१० मार्च २०२१. मध्यरात्र उलटून गेली होती. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात, ऱ्हाइन नदीच्या बंदराजवळ, एका पाचमजली इमारतीला आग लागली. इमारत ओव्हीएच या कंपनीची होती आणि तिच्यात रात्रंदिवस चालू असणारे, दुसऱ्यांच्या फायली सांभाळणारे संगणक, म्हणजे सर्व्हर होते. जीवितहानी झाली नाही. पण ती इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ‘रस्ट’ हा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की युरोपातल्या आपल्या २५ सर्व्हरवरची माहिती कायमची गेली. काही ग्राहकांनी बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, पण त्यांची दुसरी प्रतही त्याच जागी ठेवलेली होती. त्यांचं कंपनीशी भांडण पुढे न्यायालयात गेलं.

आपण फोटो, पत्रं, हिशेब ‘क्लाउडवर’ टाकतो, तेव्हा ते अशाच कुठल्या तरी इमारतीत जातात. तिथे वीज लागते, थंड हवा लागते, पहारा लागतो. मायक्रोसॉफ्टचं असं एक केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, अ‍ॅमेझॉनचं २०१६ पासून आणि गुगलचं २०१७ पासून मुंबईत आहे. बँका आणि कंपन्या पैसे मोजून ठिकाण निवडतात. घरगुती खात्याला बहुधा ती निवड मिळत नाही.

मग क्लाउडवर जावं का? माझं उत्तर स्पष्ट आहे: जावं. घरातला एकुलता एक संगणक ही त्याहून कितीतरी धोक्याची जागा आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी तळमजल्यावरच्या ज्या घरात संगणक टेबलाखाली होता, तिथे मुलांचे फोटोही पाण्यात गेले. पूर आला नाही, तरी हार्ड डिस्क कधी ना कधी बंद पडतेच, सीडीवर बुरशी धरते, पेन ड्राइव्ह हरवतो. मोठ्या क्लाउड सेवा आपल्या फायलीच्या प्रती एकाहून अधिक यंत्रांवर ठेवतात. एक यंत्र गेलं तर आपल्याला कळतही नाही.

फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. जागा दुसऱ्याची असली तरी चालेल; पत्ता आपल्या नावावर हवा, मजकूर कुठल्याही यंत्रावर वाचता येईल असा हवा आणि परतीची वाट मोकळी हवी. या तीन गोष्टी सांभाळल्या, तर आज या कंपनीकडे, उद्या त्या कंपनीकडे जाता येतं. त्या सुटल्या, तर आपण फुकट जागेच्या बदल्यात आपलंच सामान अडकवून ठेवतो.

फायली: आधी निवड, मग चढवणं

घरातल्या फायली एकदम चढवायला घेतल्या, की पहिली अडचण वेगाची येते. इंटरनेटच्या जाहिरातीतला वेग बहुतेक वेळा डाउनलोडचा असतो; आपल्याला इथे लागतो अपलोडचा. समजा, तुमच्याकडे २०० जीबी फोटो आणि व्हिडिओ आहेत आणि अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट आहे. एका बाइटचे आठ बिट, या हिशेबाने हे काम जवळपास ४५ तास अखंड चालेल. म्हणून आधी निवड करा. एकच फोटो मोबाइलमध्ये, जुन्या लॅपटॉपवर आणि ‘न्यू फोल्डर २’मध्ये असा तीनदा असतो. तेच ते सामान चढवण्यात वेळही जातो आणि पुढे जागेचे पैसेही.

फोटोंच्या बाबतीत तारखेकडे लक्ष द्या. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या फायलीतच काढल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असते. फोटो सांभाळणाऱ्या सेवा त्यावरूनच वर्षवार मांडणी करतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या प्रतीतून ही नोंद निघून जाते आणि फोटोही बारीक होतो. मावशीने १९९८ सालच्या लग्नाचे फोटो स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले, तर ते आजच्या तारखेखाली जाऊन बसतात. अशा वेळी मूळ फायली पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने मागवाव्यात आणि फोल्डरच्या नावात साल आणि प्रसंग लिहावा. ‘१९९८-०५ सांगली लग्न’ एवढं नाव असलं, तरी वीस वर्षांनी शोधणाऱ्याला पुरतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ड्रॉपबॉक्स, गुगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह या सेवांचं मुख्य काम ‘सिंक’ करणं हे आहे, म्हणजे इथे जे असेल तेच तिथे ठेवणं. घरच्या संगणकावर फोल्डर पुसला, की क्लाउडवरचाही पुसला जातो. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती फाइल ३० दिवस राहते, मग जाते. नातवाने खेळता खेळता एखादा फोल्डर उडवला आणि ते दोन महिन्यांनी लक्षात आलं, तर सिंक काही मदत करत नाही. उलट, चूक तिकडेही तत्परतेने पोचलेली असते. बॅकअप म्हणजे अशी प्रत, जी मूळ बदललं तरी बदलत नाही. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम इथे उपयोगी पडतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. घरचा संगणक, कपाटातली वेगळी हार्ड डिस्क आणि क्लाउड, इतक्यात हा नियम पाळला जातो.

मराठी फायलींची खास अडचण

आता अशा गोष्टीकडे येऊ, जी इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडणार नाही. साधारण १९९० ते २०१० या काळात मराठीत जे टाइप झालं, त्यातला फार मोठा भाग जुन्या फॉन्टमध्ये आहे. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी: दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्तं, प्रबंध, पत्रिका, सगळं यांवर झालं. गल्लोगल्लीच्या डीटीपी ऑपरेटरनी पेजमेकरमध्ये ही पानं लावली. त्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची.

यातल्या बहुतेक फॉन्टची युक्ती अशी होती: फाइलमध्ये साठायचं रोमन अक्षरच, फक्त फॉन्टमध्ये त्या रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार काढून ठेवलेला असायचा. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. त्यामुळे अशी फाइल क्लाउडवर चढवून मोबाइलवर उघडली, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. फॉन्ट असलेल्या संगणकावर ती नीट दिसली, तरी शोधायला गेल्यावर एक शब्द सापडत नाही. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी. एकाची किल्ली दुसऱ्याला चालत नाही.

यावर उपाय युनिकोडचा. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे आणि विंडोजमध्ये ती विंडोज २०००पासून आली. युनिकोडमध्ये ‘म’ला स्वतःचा क्रमांक आहे. फॉन्ट कुठलाही लावा, तो ‘म’च राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात. पण त्यांच्या हवाली करून मोकळं होऊ नका, कारण इथे अक्षरांचा क्रमच बदलतो. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाइप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर यायचा; युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. परिवर्तकाला ही सगळी अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरं आली की तो अडखळतो.

म्हणून बदललेला मजकूर वाचणाऱ्याने काही शब्द मुद्दाम शोधून पाहावेत. ‘निर्मिती’मध्ये एकाच अक्षरावर वेलांटीही आहे आणि रफारही, तो शब्द बरोबर आला, तर बरंच काम जमलं. मग ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ पाहा. परिवर्तकाने ‘ऱ्य’चा ‘र्य’ केला, तर स्वयंपाक करणारे एकदम विद्वान होतात. ‘बॅंक’, ‘डॉक्टर’, ‘ऱ्हास’, ‘ज्ञान’, ‘क्षत्रिय’ हेही तपासण्यासारखे. मराठी अंक, अवतरणचिन्हं आणि मजकुरात आलेले इंग्रजी शब्द वेगळे तपासा. परिवर्तक इंग्रजी शब्दालाही मराठी समजून त्याचं भलतंच काही करून ठेवतो.

आणि मूळ फाइल टाकून देऊ नका. जुना फॉन्ट ज्या संगणकावर अजून चालतो, तिथे ती उघडून तिची पीडीएफ करून घ्या. मग मूळ फाइल, पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर, या तिन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पीडीएफमध्ये पान जसं होतं तसं दिसतं आणि युनिकोडमध्ये ते शोधता येतं. परिवर्तनात चूक सापडली, तर मूळ फाइल हाताशी असते.

ई-मेल: पत्रांपेक्षा पत्ता मोलाचा

पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये शिकलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत हॉटमेल सुरू केलं. कुठल्याही संगणकावरून, वेबवर आपली पत्रं वाचता येणं ही तेव्हा नवलाई होती. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने हॉटमेल विकत घेतलं. १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने १ जीबी जागा देऊ केली, तेव्हा हॉटमेलवर फुकट मिळत होती २ एमबी. त्या दिवसापासून पत्रं पुसायची सवय सुटली आणि लोकांच्या आयुष्याचा दस्तऐवज मेलपेटीत साठू लागला.

त्याआधीची पत्रं मात्र बऱ्याच जणांची घरच्या किंवा कचेरीतल्या संगणकात अडकलेली आहेत. कारण पॉप नावाची पद्धत. पॉप पत्रं सर्व्हरवरून उतरवून घेते आणि बहुधा तिथली प्रत पुसते. पत्र उरतं फक्त आउटलुकसारख्या प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये. आयमॅप ही दुसरी पद्धत १९८६मध्ये स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी आखली. तिच्यात पत्र सर्व्हरवरच राहतं आणि मोबाइल, लॅपटॉप, कचेरी, सगळीकडे तेच दिसतं. पत्रं हलवण्याचं गुपितही यातच आहे. थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही खाती आयमॅपने जोडायची आणि एकातला फोल्डर दुसऱ्यात कॉपी करायचा. पत्रं ओढून ‘हलवू’ नका, कॉपीच करा. मधेच इंटरनेट तुटलं, तर मूळ जागेवर सगळं शाबूत राहतं. मग एकेका फोल्डरमधल्या पत्रांची संख्या दोन्हीकडे जुळते का, ते पाहा. सर्वांत जुनं, सर्वांत नवं आणि जोडफाइल असलेलं अशी काही पत्रं प्रत्यक्ष उघडा. एखाद्या जुन्या पत्राचा विषय मराठीत असेल, तर तो नीट दिसतो का, तेही पाहा.

पत्रं येतील, खरी अडचण पत्त्याची. इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर दिलेला पत्ता जोडणी बंद केली की जातो. नोकरीतला पत्ता नोकरीबरोबर जातो. आणि त्या पत्त्यावर बँक, डीमॅट, आयकर, भविष्य निर्वाह निधी, विमा, रेल्वेचं आरक्षण, सगळं नोंदवलेलं असतं. पासवर्ड विसरला, तर नवा पासवर्ड त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर पाठवला जातो. म्हणून पत्ता बदलताना पहिलं काम यादीचं: जुन्या मेलपेटीत ‘पासवर्ड’, ‘ओटीपी’, ‘स्टेटमेंट’, ‘पॉलिसी’ हे शब्द शोधा, खाती कुठे कुठे आहेत ते आपोआप कळेल. एकेका ठिकाणी पत्ता बदला. जुना पत्ता निदान वर्षभर चालू ठेवा, कारण काही पत्रं वर्षातून एकदाच येतात.

ज्यांचा व्यवसाय आहे, संस्था आहे, त्यांनी स्वतःचं डोमेन घ्यावं, असं मी आग्रहाने सांगेन. डोमेन म्हणजे पत्त्यातला ‘अ‍ॅट’नंतरचा भाग. तो तुमच्या नावावर असला, की टपाल कुठल्या कंपनीकडे जावं हे ‘एमएक्स’ नावाच्या एका नोंदीने ठरतं. उद्या कंपनी बदलली, तर ती एक नोंद बदलायची. पत्ता तोच राहतो. त्याबरोबर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदीही करून घ्या. आपल्या नावाने पत्र पाठवणारा खरोखर आपणच आहोत, याची ती साक्ष असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी या साक्षीबाबत नियम कडक केले. वार्षिक सभेची सूचना सभासदांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत असेल, तर कारण बहुधा इथेच असतं.

वेबसाइट: अक्षरं आणि नोंदी

वेबसाइट हलवताना दोन गोष्टी उचलायच्या असतात: फायली आणि डेटाबेस. वर्डप्रेसवरची साइट असेल, तर चित्रं आणि सजावट फायलींत असते आणि लेखांचा सगळा मजकूर डेटाबेसमध्ये. नुसता फोल्डर उतरवून ‘बॅकअप घेतला’ म्हणणाऱ्याच्या हाती चित्रं येतात, लेख येत नाहीत.

मराठी साइटची परीक्षा डेटाबेस नव्या जागी चढवताना होते. यूटीएफ-८ या पद्धतीत ‘म’ हे एक अक्षर तीन बाइटमध्ये साठतं. नव्या सर्व्हरने जुन्या पाश्चात्त्य अक्षरसंचाप्रमाणे ते वाचलं, तर त्या तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, चलनाचं एक चिन्ह आणि वर्तुळातला ‘आर’. सगळ्या लेखभर अशी रांग दिसली, तर घाबरू नका. बाइट शाबूत आहेत, वाचण्याची पद्धत चुकली आहे. अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवून पुन्हा चढवलं, की मराठी परत येते. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर थांबा. तिथे मूळ बाइट पुसले गेलेत आणि त्या प्रतीतून मराठी परत येणार नाही. जुन्या सर्व्हरवरून नव्याने प्रत घ्यावी लागेल. म्हणून जुनी जागा आधी बंद करायची नाही, हा नियम इथे तारून नेतो.

नंतर पत्त्याची नोंद बदलायची. डोमेन कुठल्या सर्व्हरकडे बोट दाखवतं, हे डीएनएसमध्ये लिहिलेलं असतं आणि जगभरचे सर्व्हर ते उत्तर ठरावीक काळ लक्षात ठेवतात. तो काळ एक दिवस असेल, तर बदल केल्यावरही दिवसभर काही वाचक जुन्या जागी जात राहतात. म्हणून दोन-तीन दिवस आधी तो काळ ३०० सेकंदांवर आणा, मग बदल करा. साइट दोन्हीकडे चालू ठेवा आणि सगळं स्थिर झाल्यावरच जुनी उतरवा. लेखांचे जुने पत्ते बदलले असतील, तर ते नव्या पत्त्याकडे वळवा. कुणीतरी कुठेतरी त्यांचा दुवा दिलेला असतो.

पण या सगळ्याआधी डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते बघा. लहान संस्थांत नेहमी घडतं ते असं: साइट बनवणाऱ्याने डोमेनही स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ई-मेलवर घेतलेलं असतं. पुढे तो परगावी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्याकडे जाते, मुदत संपते आणि संस्थेचं पंधरा वर्षांचं नाव दुसराच कोणी घेतो. डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ई-मेलवर नोंदवून त्याची मुदत इतिवृत्तात लिहून ठेवा.

परतीची वाट

मोठी कंपनी म्हणजे कायमची कंपनी, हा समज इतिहासाने अनेकदा खोडला आहे. १९९०च्या दशकात लक्षावधी लोकांनी आपली पहिली पानं जिओसिटीजवर बांधली. याहूने ते १९९९मध्ये विकत घेतलं आणि २६ ऑक्टोबर २००९ला बंद केलं. जी पानं वाचली, त्यांतली पुष्कळशी अर्काइव्ह टीम या स्वयंसेवकांच्या गटाने घाईघाईने उतरवून घेतली म्हणून वाचली. आपल्याकडे ज्यांचं कॉलेज ऑर्कुटवर गेलं, त्यांचं ते जग ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं. मायस्पेसचं उदाहरण तर थेट आपल्या विषयाचं. सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या काळात चढवलेली गाणी हरवली, असं कंपनीने २०१९मध्ये मान्य केलं. बातम्यांप्रमाणे ती पाच कोटींहून अधिक होती. त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार पुढे इंटरनेट अर्काइव्हवर आली, कारण कोणीतरी त्यांची प्रत आधीच घेऊन ठेवली होती.

म्हणून क्लाउडवर जातानाच बाहेर यायचं दार बघून ठेवा. गुगलचं टेकआउट २०११ पासून आहे. त्यातून पत्रं, फोटो, फायली एकगठ्ठा उतरवता येतात. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, हे करा आणि उतरवलेला गठ्ठा उघडून पाहा. उघडून न पाहिलेला बॅकअप हा केवळ विश्वास असतो.

खात्याचे नियमही माहीत हवेत. गुगलच्या फुकट खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा मिळत आली आहे. ती फोटोंनी भरली, की नवीन पत्रं येणं थांबतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केलं. परदेशी गेलेल्या मुलाने आईच्या नावाने उघडून दिलेलं, तिच्या फोटोंचं खातं अशानेच जाऊ शकतं. मधूनमधून त्यात शिरायला हवं. दुहेरी पडताळणी लावा, तिचे राखीव कोड कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. आणि आपल्यामागे हे कोण उघडणार, तेही ठरवा. गुगलमध्ये निष्क्रिय खात्यासाठी विश्वासू व्यक्ती नेमता येते, अ‍ॅपलमध्ये २०२१ पासून वारस-संपर्क ठेवता येतो. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही नामनिर्देशनाची तरतूद आहे. बँकेत नॉमिनी लावतो, तसाच इथेही लावा.

कामाचा क्रम ठरवायचा तर तो असा: पहिल्यांदा पत्ता आपल्या नावावर करा, मग मजकूर वाचनीय करा, मग हलवा, मग मोजा आणि उघडून पाहा, आणि जुनं सगळ्यात शेवटी बंद करा.

यातला मजकूर वाचनीय करण्याचा टप्पा फक्त घरापुरता नाही. संगणकावर लिहिलेल्या मराठीची पहिली वीसेक वर्षं आज संपादकांच्या, छापखान्यांच्या, मंडळांच्या आणि निवृत्त शिक्षकांच्या जुन्या यंत्रांत, जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत. ज्यांना ते फॉन्ट वाचता येतात, ज्यांनी ती पानं स्वतः लावली, ती माणसं आज आपल्यात आहेत. तुमच्या वाचनालयाची, तालमीची, नाट्यमंडळाची एक स्मरणिका जरी तुम्ही युनिकोडमध्ये आणून नीट जागी ठेवलीत, तरी गावाच्या इतिहासातली ती पानं पुढच्या माणसाला शोधता येतील. ते करायला कुठल्याही कंपनीची परवानगी लागत नाही. त्या जुन्या डीटीपी ऑपरेटरला मात्र याच महिन्यात फोन करायला हवा.